२०१८ चा लॅपटॉप: रॅम, प्रोसेसर की बाहेरून ग्राफिक्स कार्ड?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडले म्हणून लिहितेय.

नाशिकला घरूनच इंटिरिअरची कामं करते. स्केचअपमध्ये मॉडेल आणि ब्लेंडरमध्ये त्याचं फोटोसारखं चित्र, म्हणजे रेंडर. लॅपटॉप सप्टेंबर २०१८ चा आहे: आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एम.२ एसएसडी (विंडोज हिच्यावर) आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंटेलचंच युएचडी ६२०.

परवा एका स्वयंपाकघराचा रात्रीचा सीन रेंडरला लावला. एका फ्रेमला ५२ मिनिटं! क्लाएंटला तीन कोन हवे होते. मी कुकर लावला, जेवणं झाली, भांडी झाली, तरी दुसरा कोन चालूच. वर पंख्याचा आवाज असा की सासूबाईंनी विचारलं, पिठाची गिरणी कधी आणलीस?

बजेट खेचून ४०,०००. डोक्यात तीन पर्याय आहेत:

एक, इथला एक दुकानदार म्हणतो की १५ हजारांत आय७ प्रोसेसर टाकून देतो.
दोन, यूएसबी-सी पोर्टला बाहेरून ग्राफिक्स कार्डाचा डबा जोडायचा. व्हिडिओ पाहिलेत, भारी वाटतं.
तीन, हा विकून नवीन घ्यायचा. पण ४० हजारांत नवीन म्हणजे पुन्हा ग्राफिक्स कार्डाविनाच.

आठवड्यातून तीन दिवस साइटवर लॅपटॉप न्यावा लागतो, हे लक्षात घेऊन सांगा.

जुनाखोड

ताई, पहिला पर्याय आत्ताच खोडा.

लॅपटॉपचा प्रोसेसर सॉकेटमधून काढून दुसरा बसवायचे दिवस इंटेलच्या चौथ्या पिढीबरोबर संपले. थिंकपॅड टी४४०पी वगैरे मशिनं, २०१३ सालची. त्यात मी स्वतः दोन कोअरचा काढून चार कोअरचा बसवलाय, स्क्रूड्रायव्हरने अर्धा वळसा दिला की चिप हातात यायची. पाचव्या पिढीपासून प्रोसेसर थेट बोर्डावर सोल्डर होऊन येतो. तुमचा आठव्या पिढीचा. दुकानदार १५ हजारांत काही बदलणार असेल तर अख्खा मदरबोर्ड, आणि तोही कुठल्यातरी मेलेल्या मशीनमधून काढलेला.

बरं, बदलला तरी काय मिळणार? त्याच बोर्डावर येणारा आय७ म्हणजे ८५५०यू. त्यातही चारच कोअर, आठच थ्रेड, १५ वॅटचीच मर्यादा. कागदावर टर्बो ३.४ ऐवजी ४.० गिगाहर्ट्झ. पण तो टर्बो काही सेकंदांचा खेळ. अर्धा-पाऊण तास सगळे कोअर राबवणाऱ्या रेंडरमध्ये दोघेही १५ वॅटवर येऊन टेकतात आणि जवळपास सारखेच चालतात. १५ हजार रुपये स्टिकरचे होतील.

आता तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि मेमरी किती भरलीय, 'स्लॉट्स यूज्ड' पुढे काय लिहिलंय ते बघा. आणि एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम टाकून प्रोसेसरचं तापमान व घड्याळ (म्हणजे वेग) बघा. ५२ मिनिटं हा आकडा मला खटकतोय.

रात्रपाळी

ताई, बाहेरच्या डब्याबद्दल: यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालेलच असं नाही. त्याला थंडरबोल्ट लागतं (किंवा नव्या मशिनांत यूएसबी४). पोर्टाशेजारी बाणासारखी वीज काढलेली आहे का बघा. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल तर डबा जोडल्यावर काहीही होणार नाही. पोर्टाचा आकार तोच, आतल्या तारांचं काम वेगळं.

खात्री करायची तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावरचा तक्ता वाचा. विक्रेत्याला विचारू नका, तो सगळ्यालाच हो म्हणतो.

गोदाकाठ

वीज नाही. त्रिशूळ आहे. 😐 डबा कार्टमध्ये टाकून ठेवला होता, काढला.

जुनाखोड काका, बघितलं. मेमरी ७.६ पैकी ७.४ भरलेली. स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. तापमान ९७, घड्याळ १.३ गिगाहर्ट्झच्या आसपास लोळतंय. डिस्क १ (म्हणजे हार्ड डिस्क) सतत १०० टक्के. ती का चालतेय कळत नाही, फाइल तर एसएसडीवर आहे.

जुनाखोड

> डिस्क १ सतत १०० टक्के

पेजफाइल हलवली होती का कधी?

गोदाकाठ

अगंबाई. हो! मशीन नवीन असताना 'एसएसडी झिजू नये' म्हणून एका व्हिडिओत सांगितलं होतं ते बघून हार्ड डिस्कवर टाकली होती. विसरूनच गेले होते.

जुनाखोड

सापडला चोर. म्हणजे खरं तर तीन चोर.

रॅम संपली की विंडोज उरलेलं सामान पेजफाइलमध्ये ठेवतं. तुमचं सामान जातंय मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या तबकडीवर. प्रोसेसर हात बांधून उभा, तबकडी फिरून डेटा येईपर्यंत. पेजफाइल आजच एसएसडीवर आणा. झिजण्याची भीती सोडा. सात वर्षांत ती एसएसडी तुमच्या चार्जरपेक्षा कमी झिजली असेल.

दुसरं, रॅम. एक स्लॉट मोकळा आहे हे नशीब. त्यात डीडीआर४ ची १६ ची स्टिक टाकली की २४ होतात. दोन स्टिक झाल्या की मेमरी दोन वाटांनी वाचली जाते, आणि तुमच्या युएचडी ६२० ला स्वतःची मेमरी नसल्यामुळे स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना तो फरक डोळ्यांना दिसेल. ८ आणि १६ असं विजोड चालतं का? चालतं. ८+८ एवढ्या भागापुरतं दोन वाटांनी, उरलेलं एका वाटेने.

तिसरं, ९७ अंश आणि १.३ गिगाहर्ट्झ. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेगच १.६ आहे, म्हणजे तो गुदमरून त्याच्याही खाली गेलाय. मागचं झाकण उघडा. पंख्यातून हवा जिथून बाहेर जाते, तिथल्या तांब्याच्या पट्ट्यांवर लोकरीसारखा थर असेल. नुसती पंख्यावर फुंकर मारून उपयोग नाही. पंखा सोडवून बाहेर काढा, थर चिमट्याने *सोलून* काढा. मग जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझरची बाटली उचलू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आणि झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग बाकी सगळं.

अवांतर: कुणी थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅमने प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचा सल्ला देईल. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली भेग उघड झाली, आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी तो मार्ग बऱ्याच मशिनांवर बंद केला. जमलं तर छान, नाही जमलं तर बायोस मागे नेण्याच्या भानगडीत पडू नका.

ग्रँटरोड_पश्चिम

काकांना +१. फक्त भावाची सूचना: २०२५ च्या दिवाळीनंतर रॅमचे भाव चढलेत. सगळी मेमरी एआयच्या सर्व्हरांकडे वळतेय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशिअल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडला मागच्या आठवड्यात एकाच गल्लीत एकाच स्टिकचे तीन भाव ऐकले. तेव्हा लॅपटॉपमधून काढलेली जुनी स्टिक बघा. रॅम सहसा झिजत नाही, चालते किंवा चालत नाही. दुकानातच लावून मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एक फेरा होऊ द्या आणि मगच पैसे द्या. चहा सांगतील, प्या.

एसएसडी मात्र जुनी घेऊ नका. आणि अनोळखी नावाची '२ टीबी' फारच स्वस्तात दिसली तर दोन पावलं मागे या. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं.

खान्देशी_ठेचा

मॅकला जमतं का हे बाहेरचं कार्ड? बायकोकडे एम१ एअर आहे.

रात्रपाळी

नाही दादा. इंटेलच्या मॅकना २०१८ पासून, म्हणजे हाय सिएरा १०.१३.४ पासून, एएमडीची कार्डं अधिकृतपणे चालायची. एम१ आला आणि ॲपलने तो दरवाजा बंद केला. पोर्ट थंडरबोल्टचं असूनही.

पलीकडचा

मी आइंडहोवनला असतो. २०१९ ते २०२३ थंडरबोल्ट ३ चा डबा वापरला, म्हणून चार शब्द.

डब्यावर ४० गिगाबिट लिहिलेलं असतं. त्यातलं ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२, आणि प्रत्यक्षात २२ च्या आसपास हाती लागतं. डेस्कटॉपमध्ये तेच कार्ड मदरबोर्डवर पीसीआय ४.० च्या सोळा लेनवर (डेटाच्या वाटांवर) बसलं की २५० च्या घरातली वाट मिळते. महामार्ग आणि गावातली बोळ. कार्ड बिचारं तेच.

आता ही बोळ कुठे नडते आणि कुठे नडत नाही, यातच सगळी मेख आहे. गेम खेळताना प्रोसेसर आणि कार्ड यांचं प्रत्येक फ्रेमला बोलणं चालतं, तिथे जाणवतं. त्यातून चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर बघायचं ठरवलं तर तयार फ्रेमही त्याच बोळातून उलटी परत येणार. म्हणून मॉनिटर थेट कार्डाला लावायचा, हा पहिला नियम. रेंडरचं तसं नाही. सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की पुढचा सगळा हिशोब आतल्या आत, तार जवळपास रिकामी. ताईंचं काम नेमकं या दुसऱ्या जातीचं आहे.

तरी मी डबा विकला. कारण साधं होतं. डबा, कार्ड, मॉनिटर, कीबोर्ड हे सगळं टेबलावर मांडून बसल्यावर एक दिवस लक्षात आलं की या मांडणीत लॅपटॉपच तेवढा अडगळ आहे.

शेवगा_कढी

मी कधीची हेच विचारायच्या बेतात होते. गोदाकाठ, रेंडर तू साइटवर बसून करतेस का? नाही ना? मग घरी एक जुना डेस्कटॉप का नको? लॅपटॉप साफ करून साइटला ने, रेंडर घरच्या मशीनवर लाव.

आमच्या क्लासने संगणक बदलले तेव्हा आठव्या पिढीचे सहा कोअरवाले टॉवर फार थोडक्यात गेले.

रात्रपाळी

शेवगाताई, पटतंय, पण त्या ऑफिसच्या टॉवरांत एक गोम असते. आतला एसएमपीएस (वीजपुरवठा) दोन-अडीचशे वॅटचा, आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरच नसते. ७५ वॅटवालं जीटीएक्स १६५० थेट स्लॉटवर चालेल, पण आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. बरं, एसएमपीएस बदलू म्हटलं तर काही कंपन्यांचा मदरबोर्डचा प्लगच वेगळा. घ्यायचा तर असेंबल केलेला घ्या, साध्या एटीएक्स सप्लायचा.

आणि ताई, डब्याविनाही मार्ग आहे. तुमची एसएसडी ज्या एम.२ स्लॉटमध्ये बसलीय, तो एनव्हीएमई असेल तर पीसीआयच्या चार लेन तिथे आयत्या आहेत. ३.० च्या चार लेन म्हणजे ३२ गिगाबिट, थंडरबोल्टचा मधला दलाल नाही. एसएसडी काढायची, तिथे अडॅप्टरची पट्टी बसवायची, तिची रिबन बाहेर काढून डॉकला, डॉकवर कार्ड आणि वेगळा एसएमपीएस. विंडोज हार्ड डिस्कच्या जागी बसवलेल्या सॅटा एसएसडीवर हलवायचं. हल्ली ऑक्युलिंकवाले (बाहेरून कार्ड जोडायचं पोर्ट असलेले) मिनी पीसी येतात त्यांचं तत्त्व हेच, फक्त तिथे पीसीआय ४.० असल्यामुळे ६४ गिगाबिट आणि पोर्ट नीट बाहेर काढलेलं.

मी कॉलेज रोडला राहतो. माझ्याकडे हा सगळा संसार ३०६० (१२ जीबी) सकट आहे. एक स्पेअर सॅटा एसएसडीसुद्धा आहे. रविवारी या, तुमच्याच मशीनवर लावून बघू.

जुनाखोड

चालू मशीनमध्ये ती रिबन काढू-घालू नका, दोघांनाही सांगतोय. थंडरबोल्ट चालू असताना जोडता येतं, हे येत नाही. आधी डॉकचा सप्लाय चालू, मग लॅपटॉप. बंद करताना उलट.

दोन_कोअर

मध्येच घुसतोय. माझ्याकडे आय७-७५००यू आहे, ताईंच्या आय५ पेक्षा भारी ना? विंडोज ११ का घेत नाही मग?

जुनाखोड

तुमच्या आयडीतच उत्तर आहे. सातव्या पिढीच्या यू मालिकेत आय७ लाही दोनच कोअर. पुढच्याच पिढीत, ऑगस्ट २०१७ मध्ये, इंटेलने आय५ ला चार दिले. आय५, आय७ हे आकडे पिढी ओलांडून लावायचे नसतात. आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेल साधारण आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाका, अजून मजेत चालेल.

एएमडीचं वेगळं गौडबंगाल. रायझन ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तिसरा आकडा बघायचा, तो प्रोसेसरच्या आतल्या रचनेची पिढी सांगतो: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. सुरुवातीचा ७ नुसता सालाचा. त्यातल्या ७५२०यू ची तर रॅमही बोर्डावर सोल्डर केलेली. नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी कोअर मोजायच्या आधी रॅमचा स्लॉट आहे का ते विचारा. इंटेलच्या ल्युनार लेक प्रोसेसरांत तर रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात असते, १६ किंवा ३२. जे घेतलं ते जन्मभर.

गोदाकाठ

अपडेट, थोडं लांबलंय.

शनिवारी झाकण उघडलं. काका, लोकर नाही, *गादी* होती. अख्खी पट्टी अखंड निघाली, करड्या रंगाची, त्यात आमच्या मांजरीचे पांढरे केस. फोटो टाकत नाही, जेवणाची वेळ आहे. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. नवी लावली, पेजफाइल एसएसडीवर आणली, मोकळ्या स्लॉटमध्ये १६ ची जुनी स्टिक टाकली (मेमटेस्ट करून!). तोच स्वयंपाकघराचा सीन, तोच कोन: २९ मिनिटं. तापमान ८० च्या आत, घड्याळ २.४. पिठाची गिरणी बंद.

रविवारी रात्रपाळीकडे गेले. मुलगा एफवायचा निघाला! आईंनी थालीपीठ केलं होतं. लॅपटॉप उलटा ठेवला, झाकण काढलेलं, एसएसडीच्या जागी इवलीशी पट्टी आणि तिच्यातून निघालेली रिबन टेबलावरून डॉककडे. पेशंट सलाईनवर असावा तसा. पहिल्यांदा चालू केल्यावर कार्ड दिसलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १२'. पुरेसे रिसोर्सेस नाहीत म्हणे. त्याने बायोसमध्ये जाऊन वायफाय आणि कार्ड रीडर बंद केले, दोनदा रिस्टार्ट केलं आणि त्रिकोण गेला.

मग रेंडर लावलं. सीन चढायला वीस-बावीस सेकंद लागली आणि सगळं मिळून दीड मिनिटात फ्रेम बाहेर. मी घड्याळ बघायचंच विसरले, त्यानेच मोजलं. पलीकडचा म्हणाले तसंच झालं, वेळ चढायलाच लागतो.

रात्रपाळी

मग ऑर्डर करू ना ताई? डॉक, अडॅप्टर, सप्लाय, सेकंडहँड ३०६०, सगळं मिळून तीसच्या आत बसतं.

गोदाकाठ

नाही रे. फार मोह झाला, खरंच. पण आठवड्यातून तीनदा झाकण उघडायचं, रिबन काढायची, स्क्रू लावायचे आणि साइटला पळायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. शिवाय वायफाय बंद ठेवायचं. आणि घरात मांजर आहे, रिबन लोंबकळताना बघून ती काय करेल ते मला माहीत आहे.

शेवगाताईंचं ऐकतेय. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचा असेंबल केलेला सहा कोअरवाला टॉवर १३ हजारांत मिळतोय, १६ जीबी रॅमसकट, एटीएक्स सप्लाय. सप्लाय बदलावा लागेल. १२ जीबीवालं ३०६० बघतेय. लॅपटॉप साइटला, रेंडर घरी.

ग्रँटरोड_पश्चिम

कार्ड घेताना पंखे हाताने फिरवून बघा, बेअरिंग कुरकुरतं का ते. मागच्या पट्टीवर गंज असेल तर सोडा, कोकणातून किंवा गोदामातून आलंय. आणि विक्रेत्यासमोर अर्धा तास ब्लेंडर चालवा. पडदा मधूनच काळा होऊन परत आला तर कार्डात गडबड आहे.

पलीकडचा

टॉवर घेतलात की फोल्डर शेअर करून ठेवा. साइटवरून फाइल सेव्ह करायची, घरी कुणालातरी बटण दाबायला सांगायचं. मी बाबांना शिकवलं होतं. ते अजून त्याला 'भट्टी पेटवणं' म्हणतात.

गोदाकाठ

सासूबाईंना शिकवते. 😄

आणि रात्रपाळी, घरी आल्यावर एसएसडी परत बसवली तर ती एका टोकाला वर उचललेली राहतेय. तो एम.२ चा इवलासा स्क्रू तुझ्या टेबलावर राहिलाय का बघ बरं. आत्ता सेलोटेप लावून चालवतेय, काकांना सांगू नकोस.

जुनाखोड

वाचलं.